बारीक बियांची फुलझाडं घरात रुजवणं आणि दाटलेली रोपं वेगळी करणं : इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

पेटुनिया, स्नॅपड्रॅगन (आपल्याकडच्या नर्सऱ्यांत याला ‘डॉग फ्लॉवर’ म्हणतात), बिगोनिया, लोबेलिया, अ‍ॅलिसम, ऑफिस टाइम (पोर्टुलाका) अशा बारीक बियांच्या फुलझाडांबद्दल वारंवार येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तारखा आणि तापमान इंदूर व आसपासच्या माळव्याला धरून दिलं आहे. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी तारखा आपापल्या थंडीप्रमाणे सरकवाव्यात.

‘बारीक बी’ नक्की कशाला म्हणायचं? झेंडूचं बीही लहानच असतं की.

झेंडूचं बी एका ग्रॅममध्ये साधारण ३०० ते ३५० भरतं. पॅन्सीचं ७०० ते ८००. पेटुनियाचं मात्र ९–१० हजार, लोबेलियाचं ३० हजारांच्या आसपास आणि बिगोनियाचं ७० हजारांच्याही वर. स्नॅपड्रॅगन ६ हजारांच्या घरात असतो.

आकड्यांचा अर्थ एवढाच की बी जितकं बारीक तितकी त्याची शिदोरी कमी. झेंडूचं बी सेंटिमीटरभर मातीखालून वर येऊ शकतं. पेटुनियाचं बी दोन मिलिमीटर खाली गेलं तरी वर येण्याआधीच त्याच्याजवळचं अन्न संपतं. पुढची बहुतेक उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात : बी वरच का ठेवायचं, पाणी खालून का द्यायचं, उजेड पहिल्या दिवसापासून का लागतो आणि रोपं लवकर का हलवायची.

थेट कुंडीत पेरलं तर काय बिघडतं?

झारीच्या पहिल्याच पाण्याने बी एका कोपऱ्यात वाहून जातं किंवा मातीच्या फटीत उतरतं. सप्टेंबरात अधूनमधून जोरदार सर येते, ती उरलंसुरलं धुऊन नेते. दोन सरींच्या मधल्या कडक उन्हात वरचा थर तासाभरात सुकतो, आणि मोड आलेलं बी एकदा सुकलं की मेलं. शिवाय मुंग्या. ऑफिस टाइम, पॉपी, अ‍ॅलिसम यांचं बी मुंग्या उचलून नेतात आणि आपण बीवाल्याला दोष देत बसतो.

इंदूरला पेरणी कधी करायची?

पेटुनिया आणि स्नॅपड्रॅगन १० सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर. ढोबळमानाने, गणपती उठले की पितृपंधरवड्यात पहिला डबा पेरावा आणि नवरात्रात दुसरा. ज्या वर्षी अधिक मासामुळे सण पुढे सरकतात त्या वर्षी सण सोडून तारीखच धरावी. अ‍ॅलिसम, लोबेलिया, डायान्थस ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालतात. पॅन्सीला उगवताना १५ ते २० अंश लागतात, म्हणून तिची घाई नको. कोजागिरीच्या सुमारास रात्री गार व्हायला लागल्या की पेरा. सप्टेंबरात पेरलेली पॅन्सी पुष्कळदा उगवतच नाही आणि पाकीट वाया जातं.

ऑफिस टाइम उन्हाळी आहे. त्याला २५ अंशांच्या पुढची ऊब लागते. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये पेरा.

सप्टेंबरात पेरलेला पेटुनिया ऑक्टोबरच्या मध्यावर हलवायला येतो, नोव्हेंबरच्या मध्यावर मोठ्या कुंडीत जातो आणि डिसेंबरच्या मध्यापासून फुलतो. नोव्हेंबरात पेरला तरी उगवेल, पण फुलं फेब्रुवारीत येतील आणि एप्रिलच्या उन्हात झाड संपेल. म्हणजे मेहनत तेवढीच, फुलं निम्मी.

बी रुजवायला मिश्रण कोणतं? काळी माती चालेल?

काळी माती नको, अगदी चाळलेलीही नको. ती पाण्याने फुगते, वाळली की आकसून भेगा पडतात आणि त्या भेगांत केसाएवढी मुळं तुटतात. नर्सरीत मिळणारी पिवळी माती डब्यात दगडासारखी बसते, तीही इथे नको.

तीन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि एक भाग परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) हे मिश्रण सहसा दगा देत नाही. परलाइट नसेल तर त्याजागी नर्मदेची जाड रेती धुऊन घाला. बांधकामाच्या ढिगावरची चालते, पण त्यात सिमेंट मिसळलेलं नसावं. डब्यात खाली हेच मिश्रण भरा आणि वरचा सेंटिमीटरभर थर पिठाच्या चाळणीतून चाळून पसरा. वर ढेकळं किंवा काथ्या राहिल्या तर बी त्यांच्या खाचेत पडतं.

बी उगवण्यापुरता विचार केला तर नुसतं कोकोपीटही पुरतं. गांडूळखत पुढच्या तीन आठवड्यांसाठी. ते पाव भागापेक्षा जास्त घालू नका. जास्त खतात बारीक मुळं करपतात आणि बुरशीही वाढते.

कोकोपीट धुवायलाच हवं का?

हो. नारळाच्या काथ्यात मूळचंच मीठ असतं आणि स्वस्त विटांमध्ये ते जास्त सापडतं. वीट भरपूर पाण्यात फुलवा, फडक्यात घालून पिळा, असं तीनदा करा. साधारण ६५० ग्रॅमची वीट फुलून ८–९ लिटर होते, म्हणजे घरच्या डब्यांना एकच पुरे. आरओच्या मशीनबरोबर येणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घरात असेल तर पिळून निघालेलं पाणी त्याने मोजा. आकडा नळाच्या पाण्यापेक्षा थोडासाच वर असेल तर कोकोपीट तयार आहे. दुप्पट असेल तर आणखी एकदा धुवा.

मिश्रण निर्जंतुक करावं का?

बिगोनिया, लोबेलियासाठी जरूर. रोपं आठवडेच्या आठवडे एक-दोन मिलिमीटरचीच असतात आणि बुरशीला तेवढा वेळ भरपूर होतो. ओलसर मिश्रण जुन्या पातेल्यात घ्या, उकळतं पाणी ओता, झाकण घट्ट बसवा आणि पूर्ण गार होईपर्यंत तसंच ठेवा. पाणी निथळल्यावर लिटरभर मिश्रणाला एक छोटा चमचा ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) पावडर मिसळा. उकळत्या पाण्याने चांगले-वाईट दोन्ही जीव मरतात. मोकळी झालेली जागा चांगल्यांनी भरावी म्हणून ही पावडर. मिश्रण गरम असताना मात्र मिसळू नका.

डबे कोणते वापरावेत?

श्रीखंडाचे, मिठाईचे, आइसक्रीमचे, पाच ते सात सेंटिमीटर खोल असा कोणताही. तळाला तापलेल्या सुईने किंवा खिळ्याने आठ-दहा भोकं हवीतच. डबा पारदर्शक असेल तर झाकणासकट उपयोगी पडतो. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे फोटोत छान दिसतात, पण पुठ्ठा कडेने ओल शोषून घेतो आणि रोपाच्या वाट्याला कोरडं मिश्रण येतं. जुने डबे साबणाने घासून, उन्हात वाळवून घ्या.

इतकं बारीक बी सारखं पेरायचं कसं?

दाटीचं मूळ इथेच असतं. बहुतेक लोक चिमटीने पेरतात आणि एका चिमटीत पेटुनियाच्या शे-दीडशे बिया सहज येतात. श्रीखंडाच्या अर्ध्या किलोच्या डब्यात तीस-चाळीस रोपांना जागा असते.

आधी मिश्रण डब्यात भरून हलकं दाबून सपाट करा. डबा पाण्याच्या परातीत ठेवून वरपर्यंत ओला होऊ द्या, मग अर्धा तास निथळू द्या. पाणी पेरण्याआधी द्यायचं, नंतर नाही. आता चमचाभर बारीक, कोरडी, चहाच्या गाळणीतून चाळलेली रेती वाटीत घ्या आणि त्यात बी मिसळा. रेती फिकट रंगाची असली तर कुठे पडली ते दिसतं. जाड कागदाला मधोमध घडी घाला, घडीत हे मिश्रण घ्या आणि कागदाला बोटाने टिचक्या मारत डब्यावरून फिरवा. अर्धं मिश्रण आडवं फिरवत टाका, उरलेलं उभं. पंखा बंद ठेवा.

शेवटी सपाट लाकडी तुकड्याने हलकेच दाबा, म्हणजे बी ओल्या मिश्रणाला चिकटतं. नाव आणि तारीख डब्यावर लिहा. सगळी रोपं पहिल्या महिन्यात एकसारखीच दिसतात.

गोळ्यांचं बी आलं आहे, वर रंगीत थर आहे. ते कसं पेरायचं?

संकरित पेटुनिया आणि बिगोनियाचं बी बहुधा मातीच्या थरात गुंडाळून, मोजून येतं. ओलसर टूथपिकने एकेक उचला आणि तीन सेंटिमीटर अंतरावर ठेवा. मग फवाऱ्याने प्रत्येक गोळी पूर्ण विरघळेपर्यंत भिजवा. गोळी अर्धवट भिजून पुन्हा सुकली तर तो थर कडक होतो आणि बी आत अडकतं. ‘महागडं बी आणलं, एकही आलं नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. हे बी रेतीत मिसळू नका आणि आधी भिजत घालू नका.

वरून मातीने झाकायचं का?

पेटुनिया, स्नॅपड्रॅगन, बिगोनिया, अ‍ॅलिसम, अ‍ॅजरेटम, ऑफिस टाइम यांना उगवायला उजेड लागतो. अजिबात झाकू नका. लोबेलियाला उजेडाची तेवढी गरज नसली तरी बी इतकं बारीक असतं की तेही उघडंच ठेवावं.

उलट पॅन्सी, व्हर्बिना, फ्लॉक्स, कॅलेंडुला यांना अंधार आवडतो. त्यांच्यावर तीन-चार मिलिमीटर थर द्या आणि उगवेपर्यंत डब्यावर वर्तमानपत्र ठेवा. दोन्ही प्रकार एकाच डब्यात पेरू नका.

पाणी कसं आणि किती?

खालून. परातीत दोन सेंटिमीटर पाणी घेऊन डबा ठेवायचा, वरचा थर गडद झाला की काढायचा. दहा-पंधरा मिनिटं लागतात. डबा परातीतच विसरणं हे पाणी न देण्यापेक्षा वाईट, कारण मुळांना हवाच मिळत नाही.

पुन्हा कधी द्यायचं ते डबा उचलून ठरवा. ताज्या ओल्या डब्याचं वजन हाताला लक्षात राहतं. तो निम्म्याने हलका लागला की पाणी. वेळापत्रक करू नका. सप्टेंबरच्या दमट आठवड्यात चार दिवस लागणार नाही, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात दिवसाआड लागेल.

जलूदहून येणारं नर्मदेचं नळाचं पाणी चालतं. क्लोरीन उडावं म्हणून रात्रभर भरून ठेवलं तर नुकसान नाही, पण रोपं मरण्याचं कारण सहसा क्लोरीन नसतंच. बोरिंगचं पाणी जड असेल तर पहिले पाच-सहा आठवडे टाळा. आरओमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी मात्र या रोपांना कधीच नको; त्यात मूळ पाण्यातले क्षार गोळा झालेले असतात. लादी पुसायला वापरा.

झाकण किती दिवस ठेवायचं?

पहिली हिरवी टिंबं दिसेपर्यंत. त्या दिवशी झाकण थोडं सरकवा, दोन-तीन दिवसांत पूर्ण काढा. ‘अजून सगळी उगवायची आहेत’ म्हणून झाकण ठेवलं की उगवलेलीही जातात. फक्त बिगोनिया अपवाद. ते दोन-तीन आठवडे घेतं आणि इतकं लहान असतं की झाकण आठवडाभर हळूहळू काढावं लागतं. झाकलेला डबा थेट उन्हात ठेवू नका, आतलं तापमान अर्ध्या तासात बी शिजेल इतकं चढतं.

किती दिवसांत उगवतं?

अ‍ॅलिसम ५–८ दिवस, पेटुनिया ५–१०, स्नॅपड्रॅगन ७–१४, लोबेलिया १०–१५, पॅन्सी ८–१४, बिगोनिया १४–२१. पेटुनिया १५ दिवसांत दिसला नाही तर पुन्हा पेरा. उकरून बघू नका, काही दिसणार नाही.

रोपं उंच, पांढुरकी होऊन एका बाजूला झुकतात. खत कमी पडतंय का?

नाही, उजेड कमी पडतोय. खिडकीपासून दोन हात आत आपल्या डोळ्यांना लख्ख दिसतं, रोपाला तिथे अंधार असतो. डबा खिडकीच्या चौकटीला लागून हवा. पूर्वेची खिडकी उत्तम. नोव्हेंबरपासून सूर्य दक्षिणेकडे झुकतो, तेव्हा दक्षिणेची त्याहून बरी. डबा रोज अर्धा फिरवा.

फ्लॅटमध्ये अशी खिडकी नसेल तर बाजारातली साधी चार फुटी, २० वॅटची पांढरी एलईडी ट्यूब पुरते, जोडीने लावल्या तर फारच उत्तम. रोपांच्या डोक्यापासून १०–१५ सेंटिमीटरवर, रोज १४ ते १६ तास. जांभळ्या उजेडाचे महागडे दिवे घेण्याची गरज नाही. ट्यूब दीड-दोन फुटांवर टांगली तर मात्र असून नसल्यासारखी. अंतर हीच यातली खरी गोष्ट आहे.

एक इंदुरी अडचण, खरं तर सगळ्याच मराठी घरांतली : दिवाळीची साफसफाई. रंगारी येतो, डबे दोन दिवस जिन्याखाली जातात आणि तेवढ्यात रोपं दुप्पट लांब होतात. रोपं हलवायची वेळ नेमकी तीच असते. डबे गच्चीवर सावलीच्या जाळीखाली ठेवा, जिन्याखाली नको.

काल छान होती, आज देठ बुडाशी बारीक होऊन आडवी पडली.

याला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया या जमिनीतल्या बुरशींचं हे काम. आडवी पडलेली रोपं वाचत नाहीत. डब्याच्या एका भागात सुरुवात झाली असेल तर पडलेली रोपं भोवतालच्या दोन सेंटिमीटर मिश्रणासकट चमच्याने काढून फेका. पाणी थांबवा, झाकण असेल तर काढा, हळू फिरणारा पंखा दुरून सोडा. उरलेल्यांना कॅप्टान हे बुरशीनाशक दोन ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळून खालून द्या. हातमोजे घाला आणि स्वयंपाकाची परात त्यासाठी वापरू नका. कॅप्टान आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी देण्यात अर्थ नाही, एक दुसऱ्याला मारतं. मधे दहा दिवस जाऊ द्या.

दालचिनीची पूड भुरभुरणारे बरेच आहेत. सुरुवातीच्या बुरशीला थोडा आळा बसतो, पण लागण पसरली असेल तर तिच्यावर विसंबू नका. ओल, दाटी आणि कोंडलेली हवा यातलं एक जरी कमी केलं तरी पूड शोधायची वेळ फारशी येत नाही.

मिश्रणावर हिरवा थर आलाय, बारीक काळी चिलटंही उडतात.

दोन्ही जास्त पाण्याची खूण. हिरवं शेवाळ टूथपिकने खरवडून वर चिमूटभर कोरडी रेती टाका. चिलटांच्या अळ्या ओल्या मिश्रणात राहून कोवळी मुळं खातात. पिवळे चिकट कागद लावा आणि वरचा थर दोन पाण्यांच्या मधे सुकू द्या. मुंग्यांसाठी डब्याचं ताट पाण्याच्या वाट्यांवर उभं करा.

रोपं फार दाट झालीत. वेगळी कधी करायची?

पहिली दोन पानं खरी पानं नसतात, ती बीजदलं. त्यानंतर येणारी जोडी खरी. खऱ्या पानांची पहिली जोडी उघडली आणि दुसरी डोकावू लागली की हलवा. पेटुनियाला पेरल्यापासून साडेतीन-चार आठवडे लागतात, स्नॅपड्रॅगनला तीन-चार, बिगोनियाला सहा-सात.

‘जरा मोठी होऊ दे, मग हात लावू’ हा विचार या कामात सर्वांत जास्त नुकसान करतो. लहान रोपाला एकच मूळ असतं, ते अख्खं निघतं. आणखी दोन आठवड्यांनी तीस रोपांची मुळं एकमेकांत विणली जातात आणि वेगळी करताना निम्मी तुटतात. शिवाय दाटीत एकमेकांवर चढाओढ करत देठ लांबतो, आणि लांबलेला देठ पुन्हा जाड होत नाही. रोप लहान असणं हा धोका नाही, मूळ तुटणं हा आहे.

नेमकं कसं हलवायचं?

संध्याकाळ निवडा. तासभर आधी डब्याला खालून पाणी द्या. नवे पेले किंवा प्रोट्रे आधी भरून, ओले करून, प्रत्येकात पेन्सिलीने भोक पाडून तयार ठेवा. ९८ खाचांचा प्रोट्रे पेटुनियाला चालतो, पण ५० खाचांचा असेल तर रोपं आठवडाभर जास्त थांबू शकतात. सपाट ट्रे असेल तर दोन रोपांत चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवा. इथे मिश्रणात गांडूळखत तिसऱ्या भागापर्यंत वाढवा.

आइसक्रीमच्या काडीने पाच-सहा रोपांचा गठ्ठा खालून उचला. वरून ओढू नका. गठ्ठा हातावर ठेवून हलका झटका द्या, रोपं सैल होतील. मग एकेक रोप पानाला धरून वेगळं करा. देठाला कधीच धरायचं नाही. पान फाटलं तर रोप दुसरं काढतं, देठ चिमटला तर आतल्या नळ्या दबतात आणि ते दोन दिवसांनी कोलमडतं. तेव्हा आपल्याला वाटतं बुरशी आली.

मूळ सरळ भोकात सोडा. ते वर वळून राहिलं तर रोप अडखळतं, म्हणून लांब मुळासाठी भोक खोल करा. बीजदलं मिश्रणाला टेकतील इतकं खाली बसवा. बिगोनियाला मात्र होतं त्याच पातळीवर, नाहीतर त्याचा गाभा कुजतो. बाजूने काडीने मिश्रण सरकवा, बोटाने दाबू नका. पुन्हा खालून पाणी.

दोन-तीन दिवस सावलीत. पहिल्या दुपारी माना टाकल्या तर घाबरू नका, संध्याकाळी उठतात. म्हणून जास्तीचं पाणी घातलं तर मग उठत नाहीत.

लोबेलिया, अ‍ॅलिसम एकेक सुटतच नाही.

सोडवूही नका. लोबेलिया, अ‍ॅलिसम आणि ऑफिस टाइम चार-सहा रोपांच्या झुबक्यानेच लावा. एकेकटी किरकोळ दिसतात, झुबक्याने कुंडी लवकर भरते. पेटुनिया, स्नॅपड्रॅगन यांना हे चालत नाही.

उशीर झाला. रोपं तीन इंच लांब, मुळांचा गुंता. टाकून देऊ?

पेटुनिया असेल तर नाही. अख्खा गठ्ठा कोमट पाण्याच्या ताटात ठेवा आणि हलकेच हलवत राहा. मिश्रण गळून मुळं पाण्यात मोकळी होतात. पेटुनियाच्या देठाला ओलीत नवी मुळं फुटतात, म्हणून तो खालच्या पानांपर्यंत खोल लावला तरी चालतो. आठ दिवसांनी शेंडा खुडा. स्नॅपड्रॅगन बीजदलांपर्यंत पुरा आणि शेंडा खुडा. पॉपी आणि लार्कस्परची मात्र आशा सोडा. त्यांना सोटमूळ असतं, ते दुखावलं की झाड बसतं. ही दोन नेहमी जागेवर किंवा कागदी पेल्यात पेरावीत आणि जास्तीची रोपं कात्रीने मातीलगत कापावीत. उपटलं तर शेजाऱ्याचं मूळ हलतं.

सगळीच रोपं जगवायची का? दोनशे उगवलीत.

आठ इंची कुंडीत एक पेटुनिया, बारा इंचीत तीन. आधी कुंड्या मोजा, त्यावर चौथाई वाढवा, तेवढीच हलवा. बाकीची शेजारी वाटा, पण वाटण्यासाठी म्हणून दाटीत ठेवू नका.

निवडताना फक्त धष्टपुष्ट रोपं उचलू नका. मिश्र रंगांच्या पाकिटात काही रंग जात्याच हळू वाढतात, त्यामुळे मोठीमोठी घेतली की सगळी एकाच रंगाची निघण्याची शक्यता असते. स्नॅपड्रॅगनमध्ये तर रोपातच सुगावा लागतो : देठ-पानांवर लालसर झाक असेल तर फूल बहुधा लाल किंवा गडद गुलाबी, स्वच्छ हिरवं असेल तर पांढरं किंवा पिवळं. दोन्ही प्रकारची घ्या.

खत कधीपासून?

हलवल्यानंतर आठवड्याने. १९:१९:१९ अर्धा ग्रॅम प्रतिलिटर, आठवड्यातून एकदा; तीन आठवड्यांनी एक ग्रॅम. मुळं कोरडी असताना देऊ नका. शेणखताचं पाणी, ताक, तांदळाचं धुवण वगैरे या वयात नको, चिलटांना आमंत्रण होतं.

पेटुनियाची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या.

लोहाची कमतरता, आणि बहुतेकदा बोरिंगच्या पाण्यामुळे. मातीत लोह असतं, पण क्षारयुक्त पाण्याने ते रोपाला घेता येत नाही. चिलेटेड लोह अर्धा ग्रॅम प्रतिलिटर, दहा दिवसांच्या अंतराने दोनदा, आणि पाणी बदला. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर प्रश्न वेगळा : नत्र कमी किंवा पाणी जास्त.

गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत कधी?

पेला उचकटला की मुळं कडेला दिसतात, पण गोल वळसे घेतलेले नसतात, तेव्हा. पानांच्या चार-पाच जोड्या असतात. त्याआधी आठ-दहा दिवस रोपं काटक करावी लागतात : पहिल्या दिवशी सकाळचं तासभर ऊन, मग रोज तासाने वाढवत. ऑक्टोबरचं दुपारचं ऊन हिरव्या जाळीतूनच द्या. घरातलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानांवर पांढरे डाग पडतात; ते रोग नव्हे, भाजणं असतं.

कुंडीत काळी माती चालते, पण तिसऱ्या भागापेक्षा जास्त नको. बाकी कुजलेलं शेणखत आणि रेती.

शेंडा खुडायचा का?

पेटुनिया दहा सेंटिमीटर झाला की, स्नॅपड्रॅगन पानांच्या चार जोड्यांवर. फूल आठ-दहा दिवस उशिरा येतं, फांद्या दुप्पट. पॉपी, स्टॉक, पॅन्सी यांना हात लावू नका.

दिवाळीत पाच दिवस गावाला जायचंय.

वेगळी केलेली रोपं असतील तर जाड सुती कापड ओलं करून ताटात पसरा, त्याचं टोक शेजारच्या पाण्याच्या बादलीत बुडवा आणि डबे कापडावर ठेवा. बादलीतल्या पाण्याची पातळी ताटापेक्षा थोडी खाली असावी, नाहीतर ताट भरून वाहतं. जाण्याआधी एक दिवस करून बघा. नुकतंच उगवणारं बी मात्र असं सोडून जाऊ नका. ते सवडीनेच पेरायला हवं होतं.

उरलेलं बी पुढच्या वर्षी चालेल? आणि घरचं बी धरलं तर?

पाकीट घडी घालून, सिलिका जेलच्या पुडीसह काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये. पेटुनिया, स्नॅपड्रॅगन दोन-तीन वर्षं टिकतात, बिगोनियाचा भरवसा वर्षाचाच. बरणी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, आत दव धरतं. पावसाळ्यात ओट्यावर राहिलेलं पाकीट दोन महिन्यांत निकामी होतं.

संकरित पेटुनियाचं घरचं बी उगवतं, पण रंग आणि आकार आईसारखे येत नाहीत. दोन-तीन पिढ्यांत बहुतेक फिकी जांभळी-पांढरी फुलं उरतात. स्नॅपड्रॅगन, अ‍ॅलिसम, ऑफिस टाइम यांच्या देशी वाणांचं बी धरण्याजोगं असतं. स्नॅपड्रॅगनची बोंडं तपकिरी होऊन टोकाला भोकं पडली की फांदी कागदी पिशवीत उलटी टांगा. ऑफिस टाइमच्या बोंडाची टोपी आपोआप उडते आणि बी सांडतं, म्हणून टोपी पिवळी होताच सकाळीच काढा.